तळ्याकाठची माणसे

प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडी मोठी गमतीची उपमा आहे. काळ्या समुद्राच्या पूर्व टोकापासून थेट जिब्राल्टरपर्यंत आपण माणसे या समुद्राकाठी राहतो, ती डबक्याभोवती बसलेल्या बेडकांसारखी किंवा मुंग्यांसारखी, असे तो म्हणतो. त्या ‘डबक्या’भोवती फिनिशियन व्यापारी, ग्रीक वसाहतकार, कार्थेजचे दर्यावर्दी, रोमन आणि अरब येऊन गेले. फेर्नां ब्रोदेल या फ्रेंच इतिहासकाराने 1949 मध्ये भूमध्य समुद्रावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात राजेमहाराजे मागे राहिले आणि डोंगर, वारा, पाणी पुढे आले. इतिहास आधी पाण्याला विचारावा, मग राजाला, हा त्या ग्रंथाने मला दिलेला धडा.

आता कोणी म्हणेल, गोंदियाच्या माणसाने समुद्राच्या गोष्टी कशाला सांगाव्यात? मुंबईचा समुद्र इथून हजारेक किलोमीटरवर. आमची ओळख धानाची आणि तांदळाच्या गिरण्यांची. पण उपमा उलटी करून पाहा. समुद्राला डबके म्हणता येत असेल, तर तळ्याला समुद्र का म्हणू नये? अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगावबांधच्या तलावाचा घेर इंग्रजी गॅझेटिअरने सतरा मैल, म्हणजे सुमारे 27 किलोमीटर नोंदवला आहे. पाळीवर उभे राहिले की समोर पाणी आणि पलीकडे निळे डोंगर. हा समुद्र माणसांनी बांधला आहे, एवढाच फरक.

बांधला कोणी? परंपरा सांगते, कोलू पाटील कोहळी याने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. कोहळी समाजाची आख्यायिका अशी, की चांद्याचा गोंड राजा काशीला गेला होता, तो परतताना या लोकांना घेऊन आला. भंडाऱ्याकडचे कोहळी मात्र आपले पहिले ठाणे लांजीला सांगतात. ते काही असो, उतार नजरेने ओळखावा, दोन टेकड्यांमधली फट हेरावी आणि तिथे मातीची पाळ घालावी, ही विद्या त्यांची. पाणी सोडण्यासाठी ते ‘तुडूम’ बांधत. त्यात एकाखाली एक भोके; पाणी उतरेल तसे खालचे भोक उघडायचे. खाली धान आणि ऊस. तलावाभोवतीच्या शिखरांना ‘सात बहिणी’ म्हणतात. या देवींनी पाळ बांधायला मदत केली, अशी श्रद्धा. कोलू पाटील स्वतःही कोलासूर देव होऊन एका शिखरावर बसला. ग्रीकांनी आपल्या नगरसंस्थापकांना पूजले, त्याच जातीची ही गोष्ट.

पण बांधणारा एक आणि पाण्यावर जगणारा दुसरा. या समुद्राचे दर्यावर्दी म्हणजे धीवर. एका लाकडात कोरलेला डोंगा, जाळे आणि पाण्याखालच्या जगाची नेमकी माहिती ही त्यांची इस्टेट. मरळ कुठे घरटे करते, शिंगी कोणत्या गाळात दडते, कोणत्या पाणवनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा अंडी घालतो, हे त्यांना ठाऊक. धीवर बाया तलावातले देवधान झोडून आणत, शिंगाडे काढत. पाळ घालणाऱ्याचे मंदिर झाले; पाणी जाणणाऱ्याचे नाव मात्र कोणत्याही शिखराला मिळाले नाही.

मालगुजारीच्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा इरादा नाही. तलाव मालगुजाराचा, माती उपसणारे हात गरिबांचे, हे विसरता येत नाही. तरी दरवर्षी पाळ दुरुस्त होत असे, कारण ती कोणाची तरी होती. मध्यप्रांताच्या 1950 च्या कायद्याने मालकी हक्क संपले आणि 1951 पासून तलाव सरकारचे झाले. पूर्व विदर्भातल्या साडेसहा हजारांच्या आसपास तलावांना ‘माजी मालगुजारी’ हे नाव चिकटले. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. गाळ साचत गेला, काठावर बेशरम माजली, तलावाच्या पोटात शेते घुसली. मत्स्योत्पादन वाढावे म्हणून रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले गेले. सायप्रिनस आणि गवत्याही आले. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो, सायप्रिनस तळ उकरतो. वनस्पती गेल्या, तसे स्थानिक मासेही आटले.

बँकेत असताना माझ्या टेबलावर धीवरांचे कर्जअर्ज येत. अर्जात जमिनीचा रकाना ठळक, सातबारा जोडणे सक्तीचे. पिढ्यान्‌पिढ्या पाणी कसणाऱ्या माणसापाशी गुंठाभर जमीन नसे. पाण्याला सातबारा नसतो आणि ज्ञानाला तारणमूल्य नसते. तो कोरा रकाना या समाजाच्या इतिहासाचेच एक पान आहे, असे मला वाटत आले आहे.

आशेची बाजूही आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि अर्जुनी मोरगाव भागातल्या धीवरांच्या सहकारी संस्था यांनी गेल्या दोन दशकांत एक साधी वाट धरली. धीवरांना जे ठाऊक आहे, ते आधी नोंदवून घ्यायचे. मग बेशरम उपटायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरायचा आणि पावसाच्या तोंडावर स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. वनस्पती रुजल्या, तसे स्थानिक मासे परतू लागले, पक्षीही आले.

मारुती चितमपल्लींनी नवेगावचे हे जग मराठी वाचकाच्या दारी आणले. 2025 मध्ये ते गेले. वनाधिकारी असूनही त्यांनी स्थानिकांना गुरू मानले, म्हणूनच त्यांच्या लेखनात माशांची आणि पाखरांची इकडची नावे जिवंत राहिली.

भूमध्य समुद्राकाठची टायर, कार्थेज ही नगरे उद्ध्वस्त झाली, पण समुद्र राहिला. आपल्या तळ्यांना तशी हमी नाही. पाळ फुटली किंवा पोट गाळाने भरले, की समुद्रच नाहीसा होतो आणि त्याच्या काठचा इतिहासही. म्हणून तलाव दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात माती-मुरुमाच्या घनमीटरांबरोबर धीवराच्या सल्ल्यालाही एक रकाना असावा. तो कोरा ठेवू नये.