हळद निंदताना पांढरी अळी निघाली? बांधावर फेकू नका

हिंगोली : हळदीची निंदणी, भरणी सुरू झाली की खुरप्याच्या टोकाला कधी कधी जाडजूड पांढरी अळी येते. डोकं तपकिरी, पुढं सहा पाय, अंग अर्धचंद्रासारखं वळलेलं. ही हुमणी. बरेच जण ती उचलून बांधावर भिरकावतात. मीही तेच करायचो. पण माती ओली असली की ती पुन्हा आत शिरते. दोन वर्षांपूर्वी माझ्या हळदीचे बांधालगतचे दोन बेड पिवळे पडले. रोप ओढलं तर अलगद हातात आलं, खाली मुळ्याच नव्हत्या.

मग अळी निघाली तर काय करायचं?

आधी ओळखा. अळी सपाट जागेवर ठेवा. हुमणी कुशीवर वळून पडते. उकिरड्यात सापडणारी एक अळी मात्र उताणी होऊन पाठीवर सरकते. ती कुजका पालापाचोळा खाते, जित्या मुळ्यांच्या नादी लागत नाही. परसात निघाली तर खताच्या ढिगात परत टाका.

हुमणी असेल तर साबणाच्या पाण्यात टाका. निंदायला जाताना डबा सोबत ठेवा. घरी कोंबड्या असतील तर त्यांना घाला.

एक सापडली म्हणून थांबू नका. शेजारच्या सुकलेल्या रोपांखालची माती उकरून बघा.

अळ्या जास्त असतील तर मेटारायझियम ही बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळाजवळ द्या. जमिनीत ओल पाहिजे, कोरड्यात ती काम करत नाही. अळी लहान असतानाच ती जास्त लागू पडते. प्रमाण तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. दुकानदार म्हणतो म्हणून जहाल औषध ओतू नका.

हुमणीची वर्षाला एकच पिढी होते, हे आपल्या फायद्याचं. मे-जूनमध्ये पहिला पाऊस पडला की भुंगेरे अंधार पडताच कडुनिंब, बाभळीवर जमतात. एक मादी साधारण 60 अंडी मातीत घालते. त्याच दिवसांत फांद्या हलवून भुंगेरे गोळा करा, साबणाच्या पाण्यात बुडवा. एकट्यानं भागत नाही, शेजारच्या शेतातून ते उडून येतात. शिवारातल्या सगळ्यांनी मिळून केलं तरच फरक पडतो.

उन्हाळ्यात खोल नांगरट करा, बगळे-साळुंक्या उरलेलं काम करतात. आणि अर्धवट कुजलेलं शेणखत शेतात नेऊ नका, हुमणी त्यातूनही येऊ शकते.