विश्लेषण : पेनड्राइव्हमधल्या 'सीएचके' फायली कचरा की हरवलेले फोटो?

कॉलेज प्रवेशाचे दिवस असोत की लग्नसराई, वर्धा जिल्ह्यात आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत झेरॉक्सच्या दुकानांत, सेतू केंद्रांत आणि फोटो स्टुडिओंत पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड या हातातून त्या हातात फिरत असतात. फायली कॉपी होत असतानाच वीज जाते किंवा घाईत कार्ड ओढून काढले जाते. पुन्हा जोडल्यावर संगणक विचारतो, 'स्कॅन करून दुरुस्त करायचे का?' आपण होकार देतो. त्यानंतर काही फोटो, कागदपत्रे दिसेनाशी होतात आणि 'फाउंड.०००' नावाचे अनोळखी फोल्डर दिसू लागते. अनेक जण त्याला व्हायरस समजून लगेच डिलीट करतात. ही घाई महागात पडू शकते.

या फायली येतात कुठून?

विंडोजमध्ये 'चेकडिस्क' नावाची डिस्क तपासणारी सोय आहे. ती एमएस-डॉसच्या काळापासून, म्हणजे १९८०च्या दशकापासून वापरात आहे. पेनड्राइव्हवर कोणती फाइल कुठे ठेवली आहे, याची एक नोंदवही असते. शेतीच्या भाषेत सांगायचे तर हा पेनड्राइव्हचा सातबारा. कॉपी अर्धवट तुटली की ही नोंद बिघडते. जमीन जागेवर असते, पण ती कोणाच्या नावावर आहे हे कळत नाही. चेकडिस्कला असे बेवारस तुकडे सापडले की ती ते 'फाउंड.०००' फोल्डरमध्ये जमा करते. मूळ नाव पुसले गेल्याने त्यांना 'फाइल००००.सीएचके', 'फाइल०००१.सीएचके' अशी क्रमाने नावे मिळतात. पुढच्या वेळी पुन्हा बिघाड झाला, तर 'फाउंड.००१' तयार होते.

मोबाइलमध्येही असे होते का?

होय. अँड्रॉइड फोनच्या मेमरी कार्डवर 'लॉस्ट.डीआयआर' हे फोल्डर अनेकांनी पाहिले असेल. कार्ड जोडताना फोन त्याची तपासणी करतो आणि बेवारस तुकडे तिथे ठेवतो. या फायलींना फक्त आकड्यांची नावे असतात. फोल्डर रिकामे असेल तर चिंता नको. ते डिलीट केले तरी पुन्हा तयार होऊ शकते.

हा व्हायरस आहे का?

नाही. 'सीएचके' फाइल आपोआप चालत नाही. संशय घ्यायचा तो पेनड्राइव्हवर अचानक आलेल्या 'ईएक्सई', 'व्हीबीएस' फायलींवर किंवा तुमच्याच फोल्डरच्या नावाने तयार झालेल्या शॉर्टकटवर.

फोटो परत कसे मिळवायचे?

सर्वात आधी त्या कार्डवर नवे काहीही साठवू नका, नवे फोटो काढू नका आणि फॉरमॅट तर मुळीच करू नका. फोल्डर दिसत नसेल, तर विंडोजच्या 'व्ह्यू' मेन्यूतून लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडा. संपूर्ण फोल्डर संगणकावर कॉपी करा आणि पुढचे सारे प्रयोग त्या कॉपीवरच करा.

आता फाइल नोटपॅडमध्ये उघडून सुरुवातीची अक्षरे पाहा. काही बदलू नका आणि सेव्हही करू नका. सुरुवातीला 'पीडीएफ' ही इंग्रजी अक्षरे दिसली, तर ते पीडीएफ कागदपत्र आहे. 'पीके' दिसले, तर ती झिप किंवा नव्या पद्धतीची वर्ड-एक्सेल फाइल असू शकते. 'जेएफआयएफ' किंवा 'एक्झिफ' दिसले, तर तो बहुधा फोटो आहे. मग फाइलच्या नावातील 'सीएचके' काढून त्याजागी 'पीडीएफ', 'डॉकएक्स' किंवा 'जेपीजी' लिहा आणि फाइल उघडून पाहा. फायली शेकड्यांनी असतील, तर 'फोटोरेक'सारखे मोफत सॉफ्टवेअर वापरता येते. मात्र ते त्याच पेनड्राइव्हवर घेऊ नका आणि सापडलेल्या फायलीही तिथे साठवू नका.

सगळेच परत मिळेल असे नाही. फाइलचे तुकडे वेगवेगळ्या जागी विखुरलेले असतील, तर फोटो अर्धाच दिसतो. व्हिडिओ तर बरेचदा सुरूच होत नाही.

त्या डिलीट कधी करायच्या?

हवे ते मिळाले किंवा तुमच्या सर्व मूळ फायली जागेवर आहेत याची खात्री झाली, की या फायली खुशाल काढा. त्यामुळे संगणक किंवा फोन बिघडत नाही, उलट जागा मोकळी होते. पण पाहिल्याशिवाय काढू नका. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल सहसा रिसायकल बिनमध्ये जात नाही. एका झटक्यात सफाई करणारी 'क्लीनर' अ‍ॅप चालवण्याआधीही ती नेमके काय पुसणार आहेत, ते तपासा.

पुन्हा असे होऊ नये म्हणून?

पेनड्राइव्ह काढताना 'इजेक्ट'चा पर्याय वापरा. वादळवाऱ्याच्या दिवसांत यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर मोठी कॉपी लावू नका. 'दुरुस्त करा'ला होकार देण्याआधी ज्या फायली उघडतात, त्या दुसरीकडे कॉपी करून घ्या. आणि जातीचा दाखला, गुणपत्रिका, लग्नाचे फोटो यांची एकच प्रत पेनड्राइव्हवर ठेवू नका. दुसरी प्रत असेल, तर 'सीएचके' फायली उघडून पाहण्याची वेळच येणार नाही.