जुन्या गोव्याचे महामंदिर : प्रवाशाच्या डोळ्यांनी

इटली देशातील महामंदिरांची चित्रे आपल्या पुष्कळ घरांत कॅलेंडरांच्या रूपाने भिंतीवर लटकलेली असतात. मिलानचे ते संगमरवरी सुळक्यांचे अरण्य, फ्लॉरेन्सचा तो तांबूस घुमट, रोमचे ते संत पेत्राचे विशाल मंदिर! वर्ष संपले तरी पुष्कळांच्या हातून ते चित्र फाडवत नाही. परंतु पैनगंगेच्या अलीकडे कापूस व तूर पिकविणाऱ्या आमच्या कुटुंबांनी ती मंदिरे प्रत्यक्ष पाहावीत हा योग दुर्मीळच म्हणावा लागेल. विमानाच्या तिकिटाचा आकडा ऐकूनच घरधनी गप्प बसतो. तथापि त्या परंपरेतील एक महामंदिर, आणि त्याच्या अंगणाशेजारी खरोखरीच इटलीहून आलेले काही दगड, आगगाडीच्या प्रवासाने गाठता येतील अशा अंतरावर उभे आहेत. जुन्या गोव्याच्या त्या स्थळाविषयी आज चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम 'महामंदिर' या शब्दाचा उलगडा करणे अवश्य आहे. कॅथीड्रल म्हणजे आकाराने मोठे चर्च, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत दिसते. ती बरोबर नव्हे. लॅटिन भाषेत 'काथेद्रा' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपमहाराजांचे आसन असते ते महामंदिर, मग ते कितीही लहान असो. गोव्यातील लोक आपल्या महामंदिरास 'से' असे एकाक्षरी नाव देतात. त्याचाही अर्थ आसन असाच आहे. रोममधील संत पेत्राचे मंदिर एवढे प्रचंड, पण ते रोमचे महामंदिर नव्हेच! पोपमहाराजांचे बिशप या नात्याचे आसन त्याच शहरातील लॅटरन येथील संत योहानाच्या मंदिरात आहे. आमचा आदिलाबाद धर्मप्रांत १९९९ साली चांदा धर्मप्रांतातून वेगळा झाला. त्याचे महामंदिर कोणी कॅलेंडरावर छापीत नाही. परंतु पदवीने ते मिलानच्या मंदिराहून तसूभरही कमी नाही, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

दुसरी एक गोष्ट. पवित्र स्थळी यात्रेकरू म्हणून जावे, प्रवासी म्हणून जाऊ नये, असा उपदेश आपण वारंवार ऐकतो. आमचे मत थोडे निराळे आहे. यात्रेकरू पुष्कळदा डोळे मिटून जातो आणि डोळे मिटूनच परततो. प्रवासी मान वर करून पाहतो, बोट दाखवून विचारतो, हे कोणी बांधले, केव्हा बांधले, पैसा कोठून आला? असे प्रश्न विचारल्याने देवाच्या घराचा अपमान होतो असे आम्हांस वाटत नाही. गुडघे टेकण्यास वेळ पुढे असतोच.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र शवाचे दर दहा वर्षांनी होणारे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत झाले. त्या काळात शव महामंदिरात आणून ठेवतात व लक्षावधी भाविकांची रीघ लागते. आम्ही मुद्दाम ती गर्दी ओसरू दिली आणि फेब्रुवारीत, कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यावर, धर्मग्रामातील काही कुटुंबांसह निघालो. आदिलाबादहून नांदेडमार्गे मुंबई व तेथून कोकण रेल्वेने करमळी असा हा लांबचा प्रवास आहे. डबे, पाण्याच्या बाटल्या आणि लहान मुले यांच्या गडबडीत तो कसा पार पडला याचे वर्णन येथे करीत नाही.

करमळीहून जुने गोवे अगदी जवळ. झाडी संपते आणि एका विस्तीर्ण हिरवळीपलीकडे ती पांढरी वास्तू एकाएकी समोर येते. बांधणी जांभ्या दगडाची, वरून चुन्याचा गिलावा. हा गिलावा केवळ शोभेसाठी नाही; कोकणचा पाऊस उघड्या जांभ्यास झिजवून टाकतो, त्यापासून तो दगडाचे रक्षण करतो. लांबी सुमारे ७६ मीटर, रुंदी ५५ मीटर, दर्शनी भिंतीची उंची ३५ मीटर. फ्लॉरेन्सचे महामंदिर लांबीने याच्या दुप्पट आहे. तरीही आमच्या मंडळींपैकी बहुतेकांनी याहून मोठे प्रार्थनास्थळ उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

पाहणाऱ्याच्या नजरेस प्रथम खटकते ते या इमारतीचे एकांगीपण. डाव्या हातास मनोरा आहे, उजव्या हातास नाही. पूर्वी दोन्ही होते. उत्तरेकडील मनोरा १७७६ साली कोसळला आणि तो पुन्हा कधीच उभारला गेला नाही. तोपर्यंत रोगराईने हे शहर ओस पडत चालले होते. सत्ताधीश पणजीकडे सरकले होते आणि १८४३ साली राजधानीही रीतसर तिकडे गेली. ज्या नगरात एके काळी जगभरचे व्यापारी खेटे घालीत, तेथे मनोऱ्यासाठी दगड वाहणारा मजूरही राहिला नाही.

मंदिराचे बांधकाम १५६२ साली सुरू झाले. मुख्य इमारत १६१९ साली पुरी झाली, आणि आतील वेद्यांचे काम १६५२ पर्यंत चालले. म्हणजे पाया पाहिलेल्या माणसाच्या नातवानेच शेवटची वेदी पाहिली असेल. पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्क याने आदिलशहाच्या सैन्याकडून गोवे जिंकले ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी. तो संत कॅथरीन हिच्या सणाचा दिवस होता, म्हणून महामंदिर तिलाच अर्पण केले आहे. प्रधान वेदीमागे सोनेरी नक्षीचे उंचच उंच मखर आहे आणि त्यावर या शहीद कुमारिकेच्या जीवनातील व मरणातील प्रसंग कोरलेले आहेत. दालनाच्या दोन्ही बाजूंस चार चार छोटी उपमंदिरे आहेत. डोळे दिपविणारे सोने आहे खरे. परंतु आमचे पाऊल अडले ते दाराजवळील बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी. हे दगडी कुंड १५३२ सालचे, म्हणजे मंदिराहूनही जुने. संत फ्रान्सिस झेवियर यांनी याच कुंडाशी अनेकांना बाप्तिस्मा दिला अशी श्रद्धा आहे. आमच्याबरोबरच्या एका आजीबाईंनी आपल्या नातीचा हात धरून तो दगड तिला दाखविला व पुष्कळ वेळ त्या तेथून हालल्या नाहीत.

तेवढ्यात एका शेतकरी गृहस्थाने प्रश्न केला, "फादर, एवढं मोठं काम, याला पैसा कोणी दिला?"

प्रश्न रास्त होता. ज्याने स्वतःच्या गावच्या चर्चच्या पत्र्यांसाठी घरोघर वर्गणी गोळा केली आहे, त्याला हा प्रश्न पडणारच. उत्तर असे की पैसा पोर्तुगालच्या राजाच्या खजिन्याचा. राजसत्तेच्या मालकीच्या मालमत्ता विकून तो उभा केला होता. आणि ही सत्ता तलवारीने आलेली होती. त्याच शतकात या बेटावरील देवळे पाडली गेली, आणि कित्येक हिंदू कुटुंबांनी आपल्या देवांच्या मूर्ती रातोरात नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूस नेल्या. मंगेशीचे देवस्थान असेच तिकडे गेलेले आहे. आमच्या गावातील शेजारी हिंदू आहेत, गोंड आहेत, मुसलमान आहेत. त्यांच्या सुखदुःखात आपण रोज असतो. गोव्याहून परतल्यावर त्यांना आपण फक्त सोन्याच्या वेदीचे वर्णन सांगावे आणि हा भाग गाळावा, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

उरलेल्या मनोऱ्यात जी मोठी घंटा आहे तिला तिच्या मधुर नादामुळे 'सोन्याची घंटा' म्हणतात. गोव्यात तिच्याएवढी मोठी दुसरी नाही. मुलांना अर्थातच ती कशी वाजते याचे कुतूहल! ती पूर्वी कशासाठी वाजत असे, हे मात्र वडीलधाऱ्यांनी विचारले. मिस्साबलीसाठी वाजत असे, सणासुदीस वाजत असे, आणि धर्मन्यायालयाच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, शिक्षा जाहीर होण्याच्या दिवशीही वाजत असे. हे न्यायालय गोव्यात १५६० साली बसले. मधली थोडी वर्षे सोडता ते १८१२ पर्यंत चालले. पुष्कळसे आरोपी नवख्रिस्तीच असत: जुने रीतिरिवाज गुपचूप पाळले एवढाच त्यांपैकी कित्येकांचा अपराध. दलों नावाचा एक फ्रेंच वैद्य या न्यायालयाच्या कोठडीत पडला होता. १६७६ सालच्या जानेवारीत, पहाटेच्या अंधारात महामंदिराची मोठी घंटा घणघणू लागली तेव्हा त्याला इतर कैद्यांबरोबर अनवाणी मिरवणुकीत काढले. तो जिवंत सुटला आणि स्वदेशी जाऊन त्याने सर्व हकीकत ग्रंथरूपाने छापली.

याहून कठीण गोष्ट अशी की असे न्यायालय गोव्यात असावे, ही मागणी खुद्द संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजास लिहिलेल्या पत्रात केली होती. ते प्रत्यक्ष आले त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. संतपण म्हणजे प्रत्येक मत निर्दोष असणे नव्हे, एवढेच आम्ही त्यावेळी मंडळींस सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी संत पेत्राच्या मंदिरात सर्वांसमक्ष, सत्याच्या नावाने ख्रिस्ती लोकांनी केलेल्या बळजबरीबद्दल देवाजवळ क्षमा मागितली. रोमने जे उघडपणे कबूल केले ते खेड्यातल्या चर्चने झाकून का ठेवावे?

हे ऐकून मंडळी काही वेळ गप्प होती. एका तरुणाने तर स्पष्टच विचारले, मग येथे प्रार्थना करावी की नाही? आजीबाईंनी त्याला उत्तर दिले नाही. त्या सरळ जाऊन बाकावर गुडघे टेकून बसल्या. त्यांच्यामागून एकेक करून सगळेच गेले.

मराठी वाचकास या वास्तूजवळ आणखी एका पुरुषाची आठवण होणे साहजिक आहे. इंग्लंडात जन्मलेले व रोममध्ये येशूसंघात दाखल झालेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्या वेळी महामंदिराच्या भिंती नुकत्या वर येत होत्या. त्यांनी आपली भाषा आत्मसात केली आणि सुमारे ११ हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचून १६१६ साली राचोल येथे छापविले. महामंदिराची इमारत पुरी झाली त्याच १६१९ साली त्यांचे देहावसान झाले. राजाच्या खजिन्याला त्या ओव्यांसाठी काय खर्च आला असेल!

रस्ता ओलांडला की बॉम जेझूचे मंदिर. येथे मात्र इटली साक्षात भेटते. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीखालील रंगीत संगमरवराची ती तीन टप्प्यांची बैठक टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने भेट म्हणून पाठविली. संताच्या मस्तकाखालील उशी त्याला मिळाली होती, तिची ही परतफेड, असे सांगतात. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोजिनी याने त्यावर दहा वर्षे काम केले आणि १६९८ साली ती गोव्यात जोडून उभी करण्यात आली. सगळे प्रवासी या संगमरवराची वाहवा करतात. पण वर जी चांदीची पेटी आहे, तिच्याकडे नीट पाहावे. ती त्यापूर्वी साठ वर्षे, १६३६–३७ साली, गोव्याच्याच सोनारांनी घडविली आहे. फ्लॉरेन्सचे काम खाली आहे आणि आपल्या माणसांचे वर.

शेवटी ज्या चर्चकडे बहुतेक सहली फिरकत नाहीत, त्याविषयी सांगावयाचे आहे. महामंदिरापासून थोड्याच अंतरावर संत कायेतान यांचे चर्च आहे. इटलीतील थिएटाइन संघाच्या धर्मगुरूंनी ते रोमच्या संत पेत्राच्या मंदिराचा नमुना समोर ठेवून सतराव्या शतकाच्या मध्यास बांधिले. तोच घुमट, तेच भव्य खांब, लहान मापात. आणि हे इटालियन फादर गोव्यास आले कसे? पोप आठवे अर्बन यांनी त्यांना गोव्यासाठी धाडलेच नव्हते. त्यांना जावयाचे होते आपल्या तेलंगणात, गोवळकोंड्याच्या राज्यात! तेथे काम करण्याची परवानगी न मिळाल्याने ते १६४० साली गोव्यात स्थिरावले. हे ऐकताच आमच्या मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे झाले. म्हणजे हे चर्च आपल्याकडे व्हावयाचे होते की काय, असे एका बाईंनी विचारलेही. पुढे दोनशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मिलानचे मिशनरी हैदराबादेस आले आणि त्या भागात ख्रिस्ती धर्मग्रामे वसली. परंतु घुमट मात्र गोव्यातच राहिला.

घुमटाच्या बरोबर खाली जमिनीत एक विहीर आहे. आणि चर्चच्या आवारात काळ्या दगडाची एकच चौकट उभी आहे: आदिलशहाच्या वाड्याचे दार. वाडा केव्हाच गेला; पोर्तुगीजांनी तो आधी व्हाइसरॉयसाठी वापरला, नंतर धर्मन्यायालय त्यातच बसले. आपल्या आदिलाबादला नाव मिळाले ते याच आदिलशाही घराण्यावरून, असे सांगतात.

महामंदिरात वा बॉम जेझूत शिरण्यास तिकीट पडत नाही; मिलानला प्रवाशाने ते काढावे लागते. खांदे व गुडघे झाकलेला पोशाख असावा, सकाळी लवकर जावे, आणि पावसाळा व मे महिना टाळावा. आमच्या मंडळींनी त्या काळ्या चौकटीखाली उभे राहून सर्वांचा मिळून एक फोटो काढविला आणि मग करमळी स्थानक गाठले. गाडीला उशीर होता. फलाटावरच सर्वांनी शिदोऱ्या सोडल्या.