थाळी, चमचा आणि एका देशाचे गाणे

व्यापार-उदिमासाठी गाव सोडणाऱ्या घराण्यांना स्थलांतराचा हिशेब नवा नाही. भांडवल किती, उधारी किती, हे खतावणीत लिहिले जाते. मात्र घरातील स्त्रियांच्या ओठांवरून जी गाणी सोबत येतात, त्यांची नोंद कोणत्याही वहीत नसते. अशी गाणी परक्या भूमीला काय देऊ शकतात, याचे उत्तर मॉरिशसने दिले आहे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. पुढील काही दशकांत उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी लक्षावधी माणसे करारावर तेथे गेली. त्यांत भोजपुरी भाषकांची संख्या मोठी होती. मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूरही होते. गाठीला धन नव्हते, गीते होती.

भोजपुरी घरांत विवाहापूर्वी ‘गीत-गवाई’ होते. पाच किंवा सात सुवासिनी एका वस्त्रात हळद, तांदूळ, दूर्वा आणि पैसे मांडतात; इतर स्त्रिया देवतांचे स्मरण करीत गातात. वधूची किंवा वराची माता वाद्यांचे पूजन करते. ढोलकीच्या साथीला थाळी, लोटा आणि चमचा असतो. स्वयंपाकघरच वाद्यवृंद होते! शेवटी सारे घर नाचू लागते.

एके काळी अंगणापुरते असलेले हे गायन पुढे सार्वजनिक मंचावर आले. जातिपातीची कुंपणे ओलांडली गेली, पुरुषही त्यात सहभागी होऊ लागले. २०१६ मध्ये युनेस्कोने गीत-गवाईला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. त्याआधी दोनच वर्षे, २०१४ मध्ये, आफ्रिका व मादागास्करमधून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचे ‘सेगा’ त्याच सूचीत आले होते. आज सेगाच्या ठेक्यावर भोजपुरी शब्दही गायले जातात. ज्या बेटावर मूळ रहिवासीच नव्हते, तेथे पाहुण्यांचीच गाणी यजमानाची ओळख ठरली.

मराठी मंडळींनीही आपली ‘झाकरी’ जपली. कोकणातील जाखडीचे ते समुद्रापारचे रूप. गणेशचतुर्थीला तेथे राष्ट्रीय सुट्टी असते आणि त्या दिवशी ही गीते आवर्जून ऐकू येतात.

तरीही हा वारसा आपोआप टिकलेला नाही. नव्या पिढीच्या तोंडची भोजपुरी विरळ होऊ लागली, तेव्हा ही गीते शिकविण्यासाठी गावोगावी वर्ग सुरू करावे लागले. आजीकडून नातीकडे सहज जाणारे गाणे आता पाटी-पेन्सिल घेऊन शिकावे लागते.

आपल्या घरांतील लग्नाकडे पाहिले की हीच चिंता मनात येते. मंडप, भोजन, रोषणाई यांचा खर्च आपण काटेकोर मांडतो. मंगलगीतांसाठी मात्र ध्वनिक्षेपक भाड्याने आणतो. ज्यांना ती गीते मुखोद्गत आहेत, अशा आजी, काकी, आत्या घराघरांत आता मोजक्याच उरल्या आहेत. पुढच्या लग्नाची यादी करताना त्यांच्याजवळ घटकाभर बसावे आणि त्यांची गाणी वहीत उतरवून घ्यावीत. एवढी नोंद तरी आपल्या खतावणीत असावी.