सोशल बुकमार्किंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उपयुक्त वेबपानांचे दुवे स्वतःच्या ब्राउझरऐवजी सामायिक सेवेत जतन करणे, त्यांना विषयदर्शक शब्द म्हणजेच टॅग जोडणे आणि वाटल्यास तो संग्रह इतरांना खुला करणे, या पद्धतीस सोशल बुकमार्किंग म्हणतात. जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘डिलिशस’ या सेवेमुळे ती रूढ झाली. ब्राउझरमधील वाचनखुणांचीच ही दुसरी आवृत्ती आहे, हा समज मात्र अपुरा आहे. कारण फोल्डरमध्ये दुवा सहसा एकाच ठिकाणी राहतो, तर टॅगमुळे मान्सूनवरील एकच लेख भूगोल, शेती आणि हवामान या तिन्ही वाटांनी सापडतो.

ज्याने त्याने मनास येईल तसे टॅग दिले तर गोंधळच माजेल, असा आक्षेप घेतला जातो. गोल्डर आणि ह्यूबरमन या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र असे आढळले की, एखादा दुवा सुमारे शंभर जणांनी जतन केला की त्यावरील टॅगांचे परस्परप्रमाण बव्हंशी स्थिर होते. ही पद्धत शाळेच्या वर्गात वापरायची तर तेथे एवढी संख्या नसते, शिवाय ‘मान्सून’, ‘मॉन्सून’ आणि ‘मोसमी पाऊस’ हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे शब्द ठरतात. म्हणून टॅगांची छोटी यादी शिक्षकाने आरंभीच विद्यार्थ्यांसह ठरवणे इष्ट.

दुवा जतन केला म्हणजे विषय शिकून झाला, हा समज सर्वांत घातक, आणि त्याला प्रौढ वाचकही अपवाद नाहीत. शिकणे घडते ते दुव्यासोबत लिहिलेल्या टिपणात. ‘डीगो’सारख्या सेवेत तर पानावरील मजकूर अधोरेखित करून तेथेच टीप जोडता येते व ती गटाला दाखवता येते. समजा, मुंबईत मान्सून पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख एका विद्यार्थ्याच्या दुव्यात १० जून आणि दुसऱ्याच्या दुव्यात ११ जून आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये या तारखा सुधारल्या, त्यामुळे दोन्ही लेख आपापल्या काळी बरोबर होते. पण हे कळण्यासाठी लेख केव्हाचा आणि कोणाचा, याची नोंद टिपणात हवी. ही सवय लागली, तर उरलेले तंत्र दुय्यम आहे.

संग्रह कायम टिकतो, हेही खरे नाही. ‘डिलिशस’ची मालकी अनेकदा बदलली आणि २०१७ मध्ये तेथे नव्या नोंदी थांबल्या, तर दुवे जतन करण्याची ‘पॉकेट’ ही सेवा २०२५ मध्ये बंद झाली. सेवा टिकली तरी पाने टिकतातच असे नाही : प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीनुसार २०१३ मधील ३८ टक्के वेबपाने दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. महत्त्वाच्या पानाची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये साठवावी, सत्र संपताना वर्गाचा संग्रह फाइलच्या रूपात उतरवून घ्यावा, आणि ज्या सेवेत तशी सोय नाही ती वर्गासाठी निवडूच नये.