विश्लेषण : खिळ्यांची पेटी खिळखिळी का होते? हाताने कापलेला ‘फिंगर जॉइंट’ कोपरा कसा धरून ठेवतो?

चार फळ्या, एक तळ आणि वर झाकण. घरातली कागदपत्रे, अवजारे किंवा पांघरुणे ठेवायची लाकडी पेटी एवढ्यावर तयार होते. पण ती दहा पावसाळे टिकणार की दुसऱ्याच वर्षी कोपऱ्यात उघडणार, हे फळीच्या जाडीपेक्षा कोपऱ्याच्या सांध्यावर जास्त ठरते. करवत आणि पटाशी एवढ्या हत्यारांनी करता येणारा आणि तरीही भक्कम असा एक सांधा म्हणजे फिंगर जॉइंट. तो टिकतो कशामुळे आणि हाताने कसा कापायचा, याविषयी...

फिंगर जॉइंट म्हणजे काय?

दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत, तशी दोन फळ्यांची टोके काटकोनात एकमेकांत बसवणे म्हणजे फिंगर जॉइंट. एका फळीच्या टोकाला ठरावीक अंतरावर चौकोनी खाचा पाडतात. मध्ये उरलेले लाकूड म्हणजे बोटे. दुसऱ्या फळीवर बरोबर उलट रचना असते. एकीची बोटे दुसरीच्या खाचांत जातात. पेट्यांसाठी जास्त वापरला जात असल्याने याला बॉक्स जॉइंट असेही म्हणतात.

बाजारात ‘फिंगर जॉइंट बोर्ड’ नावाने मिळणाऱ्या फळ्यांशी याची गल्लत होऊ शकते. त्या फळ्यांत लाकडाचे छोटे तुकडे निमुळत्या दातांनी एका रेषेत जोडलेले असतात. ते काम कारखान्यातल्या यंत्राचे. येथे विषय आहे तो पेटीच्या कोपऱ्याचा.

खिळे मारलेला कोपरा का सुटतो?

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली मोळी, असे समजले तर उत्तर सोपे होते. फळीच्या लांबीच्या बाजूला या नळ्या आडव्या पडलेल्या असतात. फळीच्या कापलेल्या टोकाला मात्र त्यांची उघडी तोंडे असतात. तेथे गोंद लावला की बराचसा आत शोषला जातो आणि पृष्ठभागावर पकडीसाठी पुरेसा उरत नाही.

एक फळी दुसरीला नुसती टेकवून जोडली, तर नेमके हे टोकच जोडावर येते. म्हणून मग खिळे मारले जातात. पण टोकातून शिरणारा खिळा तंतूंना आडवा न जाता त्यांच्या मधून, त्यांच्याच दिशेने जातो. त्याची पकड आधीच कमी. त्यात पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि प्रत्येक फेरीत खिळ्याभोवतीची जागा थोडी सैल होते. पेटी ओढताना कोपरा करकरू लागतो तो यामुळे.

बोटांमुळे नेमका काय फरक पडतो?

१८ मिमी जाडीच्या आणि १८० मिमी रुंदीच्या फळीचे उदाहरण घेऊ. नुसत्या टेकवलेल्या कोपऱ्यात गोंदाला ३,२४० चौरस मिमी जागा मिळते. पण ती सगळी टोकाची, म्हणजे कच्च्या पकडीची.

त्याच फळीच्या टोकाचे २० मिमीचे नऊ भाग केले, तर एकमेकांना चिकटणाऱ्या बोटांच्या कडा होतात आठ. प्रत्येक कड १८ गुणिले १८, म्हणजे ३२४ चौरस मिमी. एकूण २,५९२ चौरस मिमी. आकडा थोडा कमी दिसतो, पण ही जागा तंतूंच्या बाजूची आहे. गोंद खरा धरतो तो येथे. बोटे १२ मिमीची केली, तर भाग पंधरा होतात आणि पक्क्या पकडीची जागा ४,५३६ चौरस मिमीवर जाते.

मग बोटे जितकी बारीक तितके चांगले का? ताकदीच्या हिशेबात हो. पण हाताने कापणाऱ्यासाठी प्रत्येक बोटाची किंमत असते. नऊ भागांच्या पेटीत चार कोपऱ्यांचे मिळून ६४ उभे काप घ्यावे लागतात, तर पंधरा भागांच्या पेटीत ११२. पहिल्या पेटीसाठी २० मिमीची बोटे पुरेशी आहेत. भागांची संख्या विषम ठेवली की फळीची वरची आणि खालची कड सारखी दिसते.

हा सांधा डव्हटेलपेक्षा मजबूत असतो का?

दोन्हींची ताकद वेगळ्या कारणाने येते. डव्हटेलची बोटे पारव्याच्या शेपटीसारखी टोकाकडे रुंद होत जातात. त्यामुळे गोंद सुटला तरी एका दिशेने ओढल्यावर फळी निघत नाही. म्हणून ओढून उघडायच्या खणांना तोच सांधा योग्य ठरतो. फिंगर जॉइंटची बोटे सरळ असतात. गोंद नसेल तर त्या फळ्या जशा बसवल्या तशाच निघतात. म्हणजे येथे सगळी भिस्त गोंदावर आणि बोटांच्या घट्ट बसण्यावर आहे. मात्र तिरपे काप नसल्याने शिकणाऱ्याला हा सांधा लवकर साधतो.

लाकूड कोणते घ्यावे?

सागवान उत्तम, पण महाग. शिवण, आंबा किंवा पाइन यांच्या वाळलेल्या, सरळ तंतूंच्या फळ्याही चालतात. गाठ सांध्याच्या जागी येणार नाही, एवढे पाहावे. सागात नैसर्गिक तेल असते, म्हणून रंधा मारल्यावर लगेच गोंद लावलेला बरा. प्लायवूडला हा सांधा करता येतो, पण हाताने कापताना त्याचे थर कडेला उचकटतात.

लाकूड वाळलेले हवे म्हणजे काय, हे हवेवर ठरते. सुमारे २७ अंश तापमानाला हवेतील आर्द्रता ३० टक्के असेल, तर लाकडातील ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. आर्द्रता ८० टक्के झाली की तोच सुमारे १६ टक्क्यांवर जातो. विदर्भातला उन्हाळा आणि कोकणातला पावसाळा यांत लाकडाच्या दृष्टीने एवढे अंतर असते. फळी आणल्यावर दोन-तीन आठवडे, जेथे पेटी राहणार त्याच खोलीत ठेवावी आणि मगच कापावी.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत हलते. म्हणूनच चारही फळ्यांचे तंतू आडवे, पेटीभोवती एकाच दिशेने फिरणारे असावेत. मग पेटीची उंची थोडी वाढली-घटली तरी चारही बाजू एकत्र हलतात आणि कोपऱ्यावर ताण येत नाही. एखादी फळी उभ्या तंतूंची लावली, तर सांधा कितीही नेटका असला तरी काही काळाने तडकतो.

हत्यारे किती लागतात?

बारीक दात्यांची करवत, धार लावलेली १२ मिमीची पटाशी, काटकोन तपासायचा गुण्या, कडेला समांतर रेघ ओढणारे मार्किंग गेज, धारदार सुरी, लाकडी हातोडा, रंधा आणि चार क्लॅम्प. खाचेतला भाग काढायला बारीक पात्याची कोपिंग सॉ असेल तर काम हलके होते. फळी उभी पकडायला व्हाइस हवी. ती नसेल तर भक्कम टेबलाला क्लॅम्पने फळी आवळता येते.

खुणा कशा करायच्या?

या कामात सर्वाधिक सांधे येथेच बिघडतात. साधारण पद्धत अशी : ४५० मिमीच्या दोन आणि ३०० मिमीच्या दोन फळ्या घ्याव्यात. टोके गुण्यात आहेत का ते पाहावे. चारही कोपऱ्यांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक फळीची बाहेरची बाजू पेन्सिलने नोंदवावी.

फळीच्या जाडीपेक्षा अर्धा मिमी जास्त अंतरावर गेज लावून टोकाच्या आत रेघ ओढावी. म्हणजे बोटे जोडल्यावर किंचित बाहेर राहतात आणि नंतर रंध्याने सपाट करता येतात. मग लांब फळीवर नऊ भाग पाडून, जो भाग काढायचा त्यावर ठळक फुली मारावी. फुली न मारल्याने बोटच कापून टाकले, असे अनेकांचे होते.

आता महत्त्वाची गोष्ट. दुसऱ्या फळीवर टेपने मोजून खुणा करू नयेत. पहिली फळी आधी पूर्ण कापावी. दुसरी फळी व्हाइसमध्ये उभी धरून तिच्या टोकावर पहिलीची कापलेली बोटे ठेवावीत आणि सुरीच्या टोकाने त्यांची कड उतरवून घ्यावी. मोजून केलेल्या खुणांत प्रत्येक भागाला पाव मिमीची चूक झाली, तरी नऊ भागांत ती सव्वादोन मिमी होते आणि सांधा बसत नाही. उतरवून घेतलेल्या खुणेत चूक साठत नाही. पहिले बोट थोडे वाकडे गेले असेल, तर त्याची खाचही तेवढीच वाकडी होते आणि दोन्ही एकमेकांत नीट बसतात.

कापताना काय सांभाळायचे?

करवत रेघेवर नाही, तर फुलीच्या बाजूला, रेघेला चिकटून चालवावी. रेघ शिल्लक दिसली पाहिजे. खालच्या गेजच्या रेघेवर थांबावे. मधला भाग कोपिंग सॉने काढून उरलेले लाकूड पटाशीने साफ करावे. पटाशी एकाच बाजूने आरपार मारली, तर मागचे लाकूड चिरफाळते. म्हणून अर्धी खाच एका बाजूने आणि उरलेली फळी उलटून दुसऱ्या बाजूने काढावी. दोन्ही हात कायम धारेच्या मागे असावेत.

गोंद न लावता सांधा आधी बसवून पाहावा. हाताने अर्धा आणि हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी पूर्ण बसला, तर तो योग्य. जोर लावावा लागत असेल तर थांबावे. घासून चकचकीत झालेली जागा अडते आहे, असे समजून तेथेच पटाशीने पापुद्रा काढावा.

तळ चिकटवायचा की नाही?

भरीव लाकडाचा तळ चारही बाजूंनी चिकटवणे ही पेटी फोडण्याची खात्रीची पद्धत आहे. सागाची ३०० मिमी रुंद फळी ६ टक्के ओलाव्यावरून १६ टक्क्यांवर गेली, तर कागदावरच्या हिशेबाने ती पाच ते सहा मिमीपर्यंत रुंद होऊ शकते. एवढ्या जोरापुढे कोपऱ्याचा गोंद टिकत नाही. म्हणून तळ खोबणीत सैल सोडतात. ६ मिमीचे प्लायवूड वापरले तर ते फारसे हलत नाही आणि काम सोपे होते.

खोबण पाडताना एक खबरदारी घ्यावी. ज्या फळीला तळाशी बोट आहे, तिची खोबण टोकापर्यंत नेली तर कोपऱ्यात बाहेरून भोक दिसते. ६ मिमी खोल खोबण त्या फळीत टोकाच्या १२ मिमी आधी थांबवावी. तळाशी खाच असलेल्या फळीत ती आरपार गेली तरी झाकली जाते. खोबण जमत नसेल तर आतून पट्ट्या लावून त्यांवर तळ ठेवता येतो.

जोडणी कशी करायची?

सुतारकामातला पांढरा गोंद बोटांच्या कडांना ब्रशने पातळ लावावा. तो लवकर धरू लागतो, म्हणून क्लॅम्प आधीच मापाला लावून ठेवावेत आणि तळ आत सरकवायला विसरू नये. आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ४५० गुणिले ३०० मिमीच्या पेटीत दोन्ही सुमारे ५४१ मिमी येतात. एक जास्त आला, तर त्या कर्णावर हलका दाब द्यावा. एक दिवस पेटीला हात लावू नये. नंतर बाहेर आलेली बोटे कोपऱ्याकडून आतल्या दिशेने रंधा मारून सपाट करावीत. उलटा रंधा मारला तर कडेचे टवके उडतात. साधा पांढरा गोंद पाण्यात टिकत नाही, त्यामुळे दमट जागेतल्या पेटीसाठी जलरोधक प्रकार घ्यावा.

फट राहिली तर?

केसाएवढी फट गोंद आणि त्याच लाकडाचा भुसा यांनी झाकली जाते, पण ते केवळ दिसण्यापुरते. पाव मिमीहून मोठी फट असेल, तर त्याच लाकडाची पातळ चीप कापून, गोंद लावून आत सरकवावी आणि वाळल्यावर कापून टाकावी. तंतूंची दिशा जुळली की ती दिसतही नाही आणि पकडीलाही मदत करते.

यंत्र असताना हाताने का कापायचे?

शेकडो पेट्या करायच्या असतील तर यंत्रच योग्य. त्याची सगळी बोटे सारखी निघतात आणि कोणतीही फळी कोणत्याही फळीत बसते. हाताने कापलेल्या पेटीत तसे होत नाही. तेथे क्रमांक एकचा कोपरा फक्त क्रमांक एकमध्येच बसतो. पण एकच पेटी करणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. त्याला महागडे यंत्र, त्याची धूळ आणि शेजाऱ्यांना ऐकू जाणारा आवाज यांची गरज उरत नाही. सदनिकेच्या गॅलरीतही हे काम होते. सुरुवात मात्र चांगल्या फळीवर न करता दोन टाकाऊ तुकड्यांवर एकच कोपरा कापून करावी. तिसऱ्या किंवा चौथ्या कोपऱ्याला करवत रेघ सोडत नाही, असे दिसले की पेटीच्या फळ्या कापायला घ्याव्यात.