नावापुरते संचालक? जरा जपून!

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, भारतात, एखादी छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असते. कायद्याला किमान दोन संचालक लागतात, म्हणून घरातल्या परदेशस्थ मुलाचे किंवा सुनेचे नाव घातले जाते. मीही असाच नावापुरता संचालक होतो. मी सॉफ्टवेअर इंजिनीयर आहे, सी.ए. नव्हे, पण पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, म्हणून हे सांगतो.

२०१२ साली काकांनी नाशिकच्या त्यांच्या कंपनीत मला संचालक केले. दोन वर्षांत काम बंद पडले. "धंदाच नाही तर हिशेब कसला?" असे काका म्हणाले आणि मीही मान डोलावली. सप्टेंबर २०१७ मध्ये अपात्र संचालकांच्या यादीत आम्हा दोघांची नावे झळकली!

असे का झाले? प्रत्येक कंपनीने आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे साधारणतः ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यायची असते. त्यानंतर ३० दिवसांत ताळेबंद व नफा-तोटा पत्रक (फॉर्म एओसी-४) आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण (एमजीटी-७, छोट्या कंपन्यांना ७-ए) कंपनी निबंधकाकडे दाखल करायचे. उलाढाल शून्य असली तरी यातून सुटका नाही.

हा नियम जुनाच; बदलली ती अंमलबजावणी. सलग तीन वर्षे हिशेब न देणाऱ्या कंपनीच्या संचालकाला पाच वर्षे अपात्र ठरवण्याची तरतूद २००० साली आली, पण ती फक्त पब्लिक कंपन्यांना होती. २०१३ च्या कायद्याचे कलम १६४(२) एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि प्रायव्हेट कंपन्याही त्यात आल्या. दरम्यान २००६ पासून प्रत्येक संचालकाला डीआयएन क्रमांक मिळू लागला व नोंदी संगणकावर गेल्या. कोणी किती वर्षे हिशेब दिला नाही, हे शोधणे आता संगणकाला क्षणाचे काम. २०१७ मध्ये दोन लाखांवर कंपन्यांची नावे नोंदवहीतून काढली गेली आणि तीन लाखांवर संचालक अपात्र ठरले.

अपात्र माणसाला पाच वर्षे कोणत्याही कंपनीत नव्याने संचालक होता येत नाही आणि इतर कंपन्यांतील पदही सोडावे लागते. म्हणजे काकांची बंद कंपनी तुमच्या चालत्या कंपनीला बुडवू शकते.

दुसरा बदल जुलै २०१८ चा. पूर्वी उशिराचे शुल्क मूळ शुल्काच्या जास्तीत जास्त बारा पट असे. आता प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये, कमाल मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म एक वर्ष रखडले तर ७३,००० रुपये! शिवाय निबंधक कंपनीला आणि जबाबदार संचालकांना वेगळा दंड करू शकतात.

सुदैवाने आमच्या कंपनीचे नाव नोंदवहीतून निघाले नव्हते. २०१८ च्या सवलत योजनेत ३०,००० रुपये आणि उशिराचे शुल्क भरून आम्ही राहिलेले हिशेब दिले व कंपनी रीतसर बंद केली. डिजिटल सहीच्या कागदांसाठी राबिघहून जेद्दाला चकरा झाल्या, त्या वेगळ्याच. पण सवलत योजना दर वर्षी येत नाहीत. त्यांच्या भरवशावर राहू नये.

म्हणून एवढे करा :

१. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आपल्या कंपनीचा शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा आहे ते पाहा.

२. डीआयएनचे केवायसी अद्ययावत ठेवा. इ-मेल व मोबाईल स्वतःचा द्या, कारकुनाचा नको.

३. पद सोडायचे तर लेखी राजीनामा द्या आणि डीआयआर-१२ ने त्याची नोंद झाल्याची खात्री करा. कंपनी टाळाटाळ करत असेल तर डीआयआर-११ स्वतः भरता येतो.

४. काम बंद असेल तर कंपनी 'सुप्त' ठरवून घ्या किंवा रीतसर बंद करा. नुसते कुलूप लावणे म्हणजे बंद करणे नव्हे.

पुढच्या सुट्टीत घरी गेलात की चहा घेता घेता वडिलांना, काकांना एवढेच विचारा : "यंदाचा ताळेबंद भरला का?" प्रश्न थोडा अवघड वाटेल, पण पुढची धावपळ वाचेल.